कुरली बेटावरचे तीळ

तिळाला पंख नसतात. रुईच्या बीसारखा कापूस नसतो, गोखरूसारखे काटे नसतात. बोंड वाळलं की टोकाकडून उकलतं आणि दाणे झाडाच्या पायाशी पडतात, फार तर हातभर लांब. खाऱ्या पाण्यात तो बुडतो आणि कुजतो. कुरली बेटावर घरटी करणारे सुरय पक्षी मासे खातात, दाण्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणून किनाऱ्यापासून अकरा किलोमीटर समुद्रात, खडकांच्या मधल्या मातीत मला तिळाची चारशे बारा झाडं उभी दिसली, तेव्हा एवढं नक्की होतं की ते कुणीतरी हाताने आणले आहेत.

"वाऱ्यानं आले असतील," होडीतून इम्तियाजचाचा म्हणाले.

"चाचा, तीळ वाऱ्यानं येत नाही."

"मग तू तपास. तुला त्याचाच पगार आहे." त्यांनी टोपी तोंडावर ओढली आणि होडीत आडवे झाले.

ते खरंच होतं. बी.एस्सी. झाल्यावर सागरी पक्ष्यांच्या एका प्रकल्पात मला तणनियंत्रणाचं काम मिळालं होतं. सुरयांना अंडी घालायला मोकळी जमीन लागते. छातीएवढ्या झाडांच्या दाटीत ते उतरत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात घरटी निम्म्यावर आली होती. बोंडं फुटायच्या आत तीळ उपटायचे, पोत्यांत भरून किनाऱ्यावर न्यायचे आणि अहवालात तण कुठून आलं ते लिहायचं, असं काम होतं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. बोंडं पिवळी पडली होती आणि खालची दोन-चार उकलायला लागली होती. दव असेपर्यंतच काम करता येई. ऊन चढलं की नुसता धक्का लागला तरी दाणे सांडत.

तण कुठून आलं हे शोधायला पूर्वी काही वर्षं लागली असती. आता लागतात वीस मिनिटं.

तिळाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेरा जोड्या असतात आणि एका संचात मिळून साधारण पस्तीस कोटी अक्षरांचा मजकूर. अक्षरं चारच, पण ती पुन्हा पुन्हा येतात. या मजकुरातला बराच भाग असा आहे, की तिथे काही बदललं तरी झाडाला फरक पडत नाही. पुस्तकाच्या समासासारखा. सात वर्षांपूर्वी तेलातली भेसळ फार वाढली तेव्हा या समासात एक छोटी नोंद लिहायची पद्धत सुरू झाली. बियाणं पिकवणाऱ्या प्रत्येक गटाला, प्रत्येक वर्षासाठी, एकशेवीस अक्षरांची वेगळी ओळ. तिला कुळखूण म्हणतात. तिळाचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून ही ओळ आईकडून लेकराकडे, लेकराकडून नातवाकडे जशीच्या तशी जाते. पान चुरडून डबीएवढ्या रीडरमध्ये टाकलं की ती वाचता येते.

तेलवाल्यांसाठी केलेली ही सोय नंतर भलतीकडेच उपयोगी पडायला लागली. घरी केलेले म्हणून सासरी पाठवलेले संक्रांतीचे लाडू दुकानातले निघाले. एका चोराच्या खिशाच्या शिवणीतला दाणा नेमका चोरी झालेल्या गोदामातला निघाला. लोक आधी हसले, मग जपून वागायला लागले. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणायचा, की आता तोंडातून काही सुटलं तर निभावेल, हातातून तीळ सुटता कामा नये.

मी चाळीस झाडांची पानं घेतली. खडकावर बसून एकेक वाचली. चाळीस झाडांत पाच ओळी निघाल्या. गट एकच. वर्षं पाच: २०४० ते २०४४. सगळ्यांत जुन्या ओळीची झाडं सर्वांत लांबवर पसरली होती, नव्या ओळीची सर्वांत आत. मी कागदावर ठिपके मांडले आणि मध्य काढला. पाचही वर्षांचा मध्य एकाच जागी येत होता.

ती जागा म्हणजे एक दगड होता.

आमच्याकडे होडी परत आली नाही, की त्या होडीच्या नावाचा एक दगड कुरली बेटावर आणून ठेवतात. ज्याचा देह मिळत नाही त्याचे घरचे दगडाला हात लावून खाली उतरतात, गुडघाभर पाण्यात उभे राहतात आणि काळे तीळ लाटेत सोडतात. तीळ पाण्यातच जातात. शिवाय दुकानातले काळे तीळ बुरशी लागू नये म्हणून तापवलेले असतात. जमिनीवर पडले तरी उगवत नाहीत. बेटावर असे सतरा दगड आहेत आणि सोळांभोवती एकही झाड नव्हतं.

सतराव्या दगडावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं, 'सातेरीप्रसाद'. ती माझ्या बाबांची होडी.

२०४०च्या मे महिन्यात, मासेमारी बंद व्हायला चार दिवस राहिले असताना, बाबा एकटे गेले आणि आले नाहीत. होडीच्या दोन फळ्या खडकांत सापडल्या. त्या वर्षीचा पाऊस संपल्यावर काकांनी हा दगड आणून ठेवला आणि आई काकांशी वर्षभर बोलली नाही. वाहत गेलेली माणसं कुठल्या कुठे निघतात, असं तिचं म्हणणं होतं. आमच्या किनाऱ्यावरचा एक माणूस तीन वर्षांनी ओमानहून परत आला होता आणि आईला त्याचं नाव, गाव, त्याच्या बायकोचं माहेर, सगळं पाठ होतं. बाबांचा मोबाइल नंबर ती अजून चालू ठेवते. दिवस घालायचं नाव घरात काढायचं नाही. ती कधी कुरली बेटावर आली नव्हती आणि तिने तीळ सोडले नव्हते. काकांनीही नाही, कारण आईशिवाय त्यांना तो अधिकार नव्हता.

आणि तरी पाच वर्षं, दर वर्षी, कुणीतरी इथे येऊन माझ्या बाबांना तीळ घालत होतं.

मी नोंदणीच्या यादीत गट शोधला. तापीच्या अलीकडचं निंबखेडे गाव, धुळे जिल्हा, अकरा शेतकरी. यादीतलं आठवं नाव मला माहीत होतं. हिलाल धनजी बागूल.

हिलालदादा बाबांच्या होडीवर खलाशी होता. घरची शेती भावांवर सोपवून हंगामात समुद्रावर यायचा. त्याला पोहता येत नव्हतं, पण जाळं असं विणायचा की गावातले म्हातारे बघायला यायचे. त्या वर्षी आखाजीच्या सणाला तो गावी गेला होता. म्हणूनच बाबा एकटे होते. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

परतताना मी इम्तियाजचाचांना विचारलं, "मे महिन्यात बेटावर कोण येतं?"

चाचांनी सुकाणू जरासं वळवलं. "काय काय कळलं तुझ्या त्या डबीतून?"

"निंबखेड्याचा तीळ आहे."

"गावासकट?" त्यांनी मान हलवली. "हिलालला मीच आणतो. शेवटच्या आठवड्यात. तो वर जातो, मी होडीत बसतो. अर्ध्या तासानं येतो. येताना एक शब्द बोलत नाही, आणि बेटा, तो माणूस एरवी किती बोलतो तुला ठाऊक आहे."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तू वारा म्हणायला तयार नव्हतीस. आणि ही बातमी माझी नाही."

रात्रीपर्यंत थांबावंसं वाटलं नाही. धक्क्यावरूनच मी हिलालदादाला फोन लावला. नाव सांगितल्यावर तो आनंदाने म्हणाला, "केतूताई! किती दिवसांनी! नोकरी लागली म्हणे?"

"लागली. दादा, कुरली बेटावर तुमच्या गटाचे तीळ उगवलेत. बाबांच्या दगडाभोवती. चारशे झाडं."

"उगवले?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तिथं? त्या खडकात?"

"दादा, ज्याचा देह मिळाला नाही त्याला तीळ घालायची घाई तुम्हाला का झाली?"

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"आईला अजून वाटतं की ते येतील," मी म्हणाले. "काकांनासुद्धा कधी कधी वाटतं. तुम्हाला नाही वाटत. पहिल्याच वर्षी नाही वाटलं. तुम्ही आखाजीला गावी होता ना?"

"मी येतो, ताई," तो म्हणाला. "परवा पोचतो. फोनवर नको."

मधला एक दिवस मी झाडं उपटली. या कामात हात गुंततात, डोकं गुंतत नाही. घरी आई पर्यटकांसाठी खानावळ चालवते. संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून तिसऱ्यांचे शिंपले फोडत होते आणि ती सांगत होती की नव्या पाहुण्यांना तिखट चालत नाही आणि गोड दिलं तर विचारतात कालवण खराब झालं का. मला वाटत होतं की माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे. ती म्हणाली, "बरा नाय काय गो तुका?" मी म्हणाले, उन्हाचं.

मला विज्ञानात शिकवलं आहे की एखादी गोष्ट नाही हे सिद्ध करणं फार कठीण असतं. आईची सगळी पाच वर्षं त्या कठीणपणावर उभी होती. बाबा नाहीत याचा पुरावा नव्हता, म्हणून ते कुठेतरी होते. आता पुरावा एसटीत बसून येत होता. मी त्याला धक्क्यावरूनच परत पाठवू शकत होते. झाडं पोत्यांत होती. पुढच्या वर्षी तिथे काहीच उगवलं नसतं.

हिलालदादा दुपारी उतरला. केस पांढरे झाले होते. हातात पिशवी होती.

"तुमच्याकडे तीळ पाण्यात सोडतात, हो ना?" तो बसता बसता म्हणाला. "मला पोहता येत नाही, ताई. मी पाण्यात उतरलो नाही. आणि आमच्याकडे वैशाखात नदीला पाणी कुठलं? आम्ही दगडाशीच घालतो आणि वरून तांब्याभर पाणी ओततो. तसंच केलं."

"म्हणजे पेरून पाणीपण घातलंत."

"तसंच झालं." तो ओशाळून हसला. "आणि विकतचे तीळ कसे नेणार? घरात पिकतात. कोठीतलं बियाणंच नेलं, निवडून." मग त्याने हळूच विचारलं, "गटावर येईल का हे? अकरा घरं आहेत."

मी त्याला अहवालातली ओळ दाखवली. 'तण मानवी हाताने आले. एकच व्यक्ती. रीत वेगळी असल्याने नकळत घडले. संबंधिताला समज दिली.' त्याने ती दोनदा वाचली.

"समज दिली कधी?"

"ही आत्ता. तीळ बेटावर घालायचे नाहीत."

त्याने मान डोलावली. "बाकीचं तुला सांगू, की वहिनींना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी पहिल्या वर्षी सांगायलाच आलो होतो. घरापर्यंत गेलो. पुढचं..." त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला तर वाटतं सांगावं. पण मी माझं ओझं उतरवायला सांगीन. तू म्हणशील तसं. जा म्हणालीस तर साडेचारची गाडी आहे."

मी घड्याळ बघितलं. पावणेचार झाले होते. इम्तियाजचाचा होडीतलं पाणी उपसत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. मी विचार केला की मी गप्प राहिले तर उद्या सकाळी आई बाबांच्या नंबरचं रिचार्ज करील आणि मी तिच्यासमोर चहा पीत बसेन. हे मला जमण्यासारखं नव्हतं. यापेक्षा मोठं कारण मला तेव्हा सापडलं नाही.

"चला," मी म्हणाले.

आई पडवीत कोकमं निवडत होती. तिने वर बघितलं आणि अजिबात दचकली नाही.

"इलंस, हिलाल? ह्या वर्षी दोनदा?"

"दर वैशाखात येता तो," आई मला म्हणाली. "तू कॉलेजात असतंस. लाडवांका तीळ घेऊन येता, जेवता, जाता."

"माका कधी सांगूक नाय तां?"

"तुका सांगितला असता तर तू तेका विचारलं असतंस. मगे तेका सांगूचा लागला असता." तिने कोकमाचं सूप बाजूला सारलं. "बस रे. आता केतू तुका घेऊन इली म्हणजे तिना विचारल्यान."

हिलालदादा पायरीवर बसला. त्याने आईकडे न बघता, अंगणातल्या माडाकडे बघत सांगितलं.

तो आखाजीहून ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी परतला होता. संध्याकाळच्या गाडीने उतरून तो सरळ होडीवर गेला. गावात त्याला कुणी बघितलं नाही. पहाटे वारा फिरला. परतताना वाहून आलेलं कुणाचं तरी जाळं इंजिनाच्या पंख्यात गुंतलं. बाबा सुरी घेऊन खाली उतरले. दोनदा श्वास घ्यायला वर आले. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा पंखा मोकळा झाला होता, पण एक लाट मध्ये आली आणि होडी पुढे गेली. हिलालदादाने इंजिन चालू केलं, होडी वळवायला गेला. त्याला ती वळवता येईना. प्रत्येक वळणावर बाबा आणखी लांब दिसत. मग दिसले नाहीत. होडी खडकावर फुटली. त्याने रिकामा कॅन धरला. सकाळी कारवारकडे जाणाऱ्या एका बोटीने त्याला उचललं. कारवारला उतरून तो गाडीत बसला आणि गावी जाऊन पडून राहिला.

"मला पोहता आलं असतं तर मी उडी मारली असती, असं मी पाच वर्षं म्हणतो," तो म्हणाला. "खरं म्हणजे मला होडी वळवता यायला हवी होती. ते त्यांनी शिकवलं होतं. मी नीट शिकलो नाही."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"वर इल्यावर काय बोललो तो?" आईने विचारलं.

"वहिनी..."

"काय बोललो?"

"ओरडले." हिलालदादाने ओठ चावला. "'सुकाणू सरळ धर, मेल्या. बैल हाकूक बसलंस काय?'"

"आणि?"

"तेवढंच."

"माझा नाव? केतूचा?"

"नाही, वहिनी. खोटं कसं सांगू?"

आईच्या खांद्यांत काहीतरी हललं. मला वाटलं ती रडते आहे, म्हणून मी जवळ गेले. ती हसत होती. आवाज न करता, मान खाली घालून, खूप वेळ.

"तोच तो," ती म्हणाली. "मरताना पण शिकवूक बसलो." मग तिने डोळ्यांवर मनगट दाबलं आणि ते तसंच ठेवलं. तिची बोटं कोकमाने लाल झाली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. ऊन पायरीवरून खाली उतरलं तोवर आम्ही तिघं तसेच होतो.

शेवटी तिने मनगट काढलं. "केतू, काकांका फोन लाव. सांग, आई दिवस घालूक तयार असा म्हणान. भटजींका विचारूक सांग, पाच वर्सा उशीर झाल्यार काय करतत तां."

मी उठले. हिलालदादाही उठला. त्याने पिशवी पायरीवर ठेवली, चपला शोधल्या, एक पायात घातली.

"वहिनी, तुम्ही मला काहीच बोलल्या नाहीत."

"बोलतलंय," आई म्हणाली. "पाच वर्सांचा बोलूचा असा. एका दिसात जावचा नाय. चपला काढ."

त्याने चप्पल काढली.